तपासले, चुका दुरुस्त केल्या

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं म्हणून. खाली गेलोच आहे तर नमस्कारही उरकून घेतला, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी बोलणं सुरू झालं का? इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी आरशात बघून दाढी करण्याइतपत ठीक आहे. मधले काही दिवस तेही जमत नव्हतं. तू पाठवलेलं पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींची पेटी केव्हाच पोचली. पोच द्यायला इतका उशीर का झाला, ते या पत्रात आहे. वाचून झालं की फाडून टाक आणि भाऊजींना दाखवू नकोस. (तू दाखवणार, हे मला माहीत आहे. निदान ते जेवत असताना नको, हसताना त्यांना ठसका लागतो.)

सुरुवात डॉक्टरांपासून करतो, कारण दोष वाटून घ्यायला कोणीतरी बरोबर असलेलं बरं. रक्तदाबाचा पट्टा दंडावरून सोडता सोडता त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? म्हटलं, चुका काढतो. आणि घरी आल्यावर? इथे तुझी भावजय माझ्याआधी बोलली. म्हणाली, तेच. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं (ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, मी बोललो नाही, त्यानेही दाब थोडा वाढला असेल) आणि म्हणाले, मन रिकामं होईल असं काहीतरी शोधा. आता तूच सांग ताई, मुद्रितशोधकाचं मन रिकामं कसं व्हायचं? औषधाच्या खोक्यात ते घडीवर घडी घातलेलं पत्रक असतं ना, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं, जे जगात कोणी वाचत नाही, ते आमच्या छापखान्यात छापतात आणि मी वाचतो. एक टिंब घसरलं तर अर्ध्या गोळीच्या पाच गोळ्या होतात. म्हणून प्रत्येक शेवटच्या प्रतीच्या कोपऱ्यात मी लिहितो, 'तपासले, चुका दुरुस्त केल्या', आणि खाली सही करतो. आयुष्यभर हे केल्यावर हात आपोआप लाल पेनाकडे जातो. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो की शोकसभेचा फलक. (शोकसभेचा तो प्रसंग तुला माहीत आहे. माणसाचं नाव चुकलं होतं, आणि ते दुरुस्त करणं हाच त्यांना मान होता, असं मला अजून वाटतं.)

अशा माणसाला तू रंगवायचं पुस्तक पाठवलंस. तुझा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण पत्ता घरचा घालायचा सोडून छापखान्याचा घातलास, आणि पुस्तकाच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'फक्त मोठ्यांसाठी'. पार्सल फाटलेलं होतं. बांधणी विभागातल्या मंडळींनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि तिथून कोणी हलेना. मी म्हटलं, बहिणीने पाठवलंय. त्यावर जी शांतता पसरली तिचं वर्णन करत नाही. शेवटी उघडून दाखवावं लागलं. आत फुलपाखरं, घुबडं, वेलबुट्टी. त्यांची फार निराशा झाली आणि माझी होती नव्हती ती अब्रू गेली. दुसरं काही निघालं असतं तर एकवेळ थोडा दरारा तरी वाढला असता. त्या दिवसापासून मला जाता-येता कोणी ना कोणी विचारतं, आज कोणता रंग?

घरी मी ते पुस्तक वर्तमानपत्राच्या आत धरून रंगवत असे. तुझ्या भावजयीला आधी वाटलं, मी नोकरीच्या जाहिराती बघतोय. मग वर्तमानपत्रातून पेन्सिल खाली पडली. तिने नुसती पेन्सिल उचलून दिली आणि म्हणाली, टोक तुटलंय. तिने चेष्टा केली असती तर मी सहज सहन केली असती, पण हा समजूतदारपणा फार लागला. असो. पहिलंच पान फुलपाखराचं होतं. मी रंग भरायला घेतला आणि लक्षात आलं की डाव्या पंखावर एक ठिपका जास्त आहे. मग पुढचं पान पाहिलं. सगळ्या फुलांना पाच पाकळ्या, एकाला सहा. घुबडाच्या एका पायाला बोट कमी. संध्याकाळपर्यंत माझं अख्खं पुस्तक तपासून समासात लाल खुणा करून झालं होतं. रंग कुठेच भरला नव्हता. प्रकाशकाला सविस्तर पत्र टाकलं आणि दाब मोजायला गेलो. डॉक्टरांनी यंत्र खराब झालंय का ते बघितलं.

त्यावर तुझ्या भावजयीने मला वाचनालयात धाडलं. तिथे मागच्या खोलीत, जिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे, तिथे आठवड्यातून एकदा दुपारी मोठी माणसं जमून चित्रं रंगवतात. दारावर पाटी आहे, 'निवांत रंगकाम', आणि त्यात निवांतमधला नि दीर्घ काढलेला आहे. म्हणजे माझा निवांतपणा उंबऱ्यातच संपला. आतला नियम एकच, कोणी कोणाच्या चित्राबद्दल बोलायचं नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. तिथली ग्रंथपाल एक तरुण मुलगी आहे. ती कपाटातून पुस्तकं काढून प्रत्येकाच्या जागेवर मांडून ठेवते आणि परत बाहेर देवघेवीच्या खिडकीशी जाऊन बसते. माझ्या शेजारी एक निवृत्त बसवाले बसतात. ते फूल, पक्षी, डोंगर, काहीही असो, सगळं निळं रंगवतात. (मी विचारलं नाही, नियम आहे. पण त्यांनीच सांगितलं की त्यांची बस निळी होती, पण ती चालवताना त्यांना तो रंग कधी बघायलाच मिळाला नाही, पुढचा रस्ताच दिसायचा.) आणि खिडकीपाशी, उजेडाच्या जागी, चष्म्याच्या बाई बसतात. बाजारातलं ते चष्म्याचं दुकान त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं. माझा हा चष्माही तिथलाच. यजमान गेल्या वर्षी गेले हे मला माहीत होतं, कारण दुकानावर लावलेली सूचना मी वाचली होती. (तीत चूक नव्हती.)

आता जे लिहितो ते लिहिताना कान गरम होतायत.

मी तिथे नवा होतो, दोन-तीनदाच गेलो असेन. त्या दिवशी बाई आल्या नव्हत्या. त्यांना दाढ काढायला जायचं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांची जागा रिकामी, तिथे उजेड चांगला, माझे डोळे हे असे. बसलो. समोर एक मोठं पुस्तक उघडं ठेवलेलं होतं. ग्रंथपाल मुलीने नेहमीच्या सवयीने मांडलेलं, पण मला वाटलं, वाचनालयाचं असेल, सगळ्यांचं. पानावर तळं, तळ्यात एक मोठं बदक आणि त्याच्यामागे रांगेने पिल्लं. कोणीतरी ते अर्धंमुर्धं रंगवलेलं होतं आणि ताई, काय रंगवलं होतं. बदक गडद हिरवं. पहिल्या दोन पिल्लांचा पिवळा रंग रेषा ओलांडून पाण्यात वाहत गेलेला. तिसऱ्याच्या पाठीवर चार फराटे मारले होते, आणि चौथा फराटा खाली घसरून पानाच्या कडेपर्यंत गेला होता, तिथे संपला. मला वाटलं, कोणा लहान मुलाला कंटाळा आला आणि ते खेळायला पळालं.

मी खिशातून खोडरबर काढलं.

पुढचं सगळं मला नीट आठवतं, कारण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. आधी पाण्यात वाहिलेला पिवळा रंग खोडला. मग पिल्लांच्या कडा रेखून घेतल्या. तो घसरलेला फराटा पुसायला वेळ लागला, जोर लावून ओढलेला होता, पण पुसला. तिसरं पिल्लू पूर्ण केलं. बदकाच्या हिरव्यावर तपकिरीचे थर चढवत चढवत त्याला बदकासारखं बदक केलं. मागची सगळी पिल्लं रंगवली, एकही केसभर रेषेबाहेर नाही. मधे कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय. डॉक्टर म्हणत होते ते मन रिकामं होणं हेच असणार. आणि शेवटी, अगदी हात गेला म्हणून, मी पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं, 'तपासले, चुका दुरुस्त केल्या'. आणि सही केली. लफ्फेदार.

बसवाले निघताना माझ्या मागून गेले. पान बघितलं आणि पुस्तक मिटलं. नियम असल्यामुळे आत बोलले नाहीत, मला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे त्यांनी सांगितलं ते असं. ते पुस्तक चष्म्याच्या बाईंच्या यजमानांचं. आजारपणात त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा दोघं मिळून इथे यायला लागले. बदकाचं पान त्यांनी शेवटच्या दिवशी रंगवायला घेतलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं ते परत आले नाहीत. तेव्हापासून बाई येतात, ते पान समोर उघडं ठेवतात आणि स्वतःच्या वेगळ्या पुस्तकात रंगवत बसतात. कोणी काही विचारत नाही. मी बसवाल्यांना विचारलं, आता मी काय करू? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, मी असतो तर गाव सोडलं असतं.

ग्रंथपाल मुलीला सांगितलं तर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, मांडून ठेवलं तिने होतं ना. बाई पुढच्या आठवड्यात येणार होत्या. मी म्हटलं, पुस्तक मला घरी न्यायचंय. ती म्हणाली, ते वाचनालयाचं नाही त्यामुळे मी देऊ शकत नाही, आणि मान वळवून शाईचा शिक्का पुसत बसली. मी पुस्तक शर्टाच्या आत घालून बाहेर पडलो. (या वयात. वाचनालयातून. पोटाशी बदक धरून.)

घरी पहिलं काम काय केलं असेन? सही खोडायला घेतली. पेनाची शाई ती, जाते कुठली. कागद चकचकीत झाला, अक्षरं फिकी झाली, पण दाबून लिहिल्यामुळे कागदात उमटलेली पन्हळ तशीच राहिली. आंधळ्यालाही बोट फिरवून वाचता आलं असतं. मग बदकाचा तपकिरी रंग काढून खालचा हिरवा वर आणावा म्हणून रबर घासलं, तर मानेपाशी भोक पडलं. तेव्हा मी ठरवलं, तेच पुस्तक नवं आणायचं आणि त्या पानाची हुबेहूब नक्कल करायची. शाळेसमोरच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने विचारलं, मूल केवढं आहे? मी खरं ते सांगितलं, छप्पन वर्षांचं. त्याने पुस्तक गुंडाळून दिलं आणि सुटे पैसे देताना माझ्याकडे बघितलं नाही.

आता तुला वाटेल, नक्कल करायला काय लागतं. मूळ पान मला तंतोतंत आठवत होतं. चुका माझ्या लक्षात राहतात, माणसं राहत नाहीत. कुठल्या पिल्लाचा रंग किती वाहिला होता, कुठे दोनदा पेन्सिल फिरली होती, सगळं. पण हात बाहेर जाईना. पेन्सिल रेषेपाशी आली की थांबायची, घोडं कुंपणाशी अडावं तशी. डोळे मिटून बघितलं, तर त्या मेल्या हाताला रेषा कुठे आहे ते पाठ झालेलं. डाव्या हाताने बघितलं, तर तो उजव्यापेक्षा जास्त जपून चालायचा. रद्दी कागदांवर मी एक अख्खी रविवारची सकाळ वाईट रंगवायचा सराव केला, आणि प्रत्येक कागद आधीपेक्षा सुबक येत गेला.

तुझी भावजय दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही, बसली माझ्या शेजारी आणि म्हणाली, तुम्ही रंगवा, मी कोपराला धक्का मारते. मग आम्ही तसं केलं. मी पेन्सिल टेकवायची, ती मागून कोपर ढकलायची. पहिल्यांदा तिने इतक्या जोरात ढकललं की पिल्लाला शिंग फुटलं. ती हसायला लागली, मग मलाही आवरेना. दोघं टेबलावर डोकं टेकून हसलो. (ही गोष्ट सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते. एका बाईंच्या दुःखाची आम्ही बनावट नक्कल करत होतो आणि इतके एकत्र कधी हसलो होतो ते आठवत नाही.) दुपारपर्यंत पान तयार झालं. हिरवं बदक, वाहिलेली पिल्लं, तिसऱ्याच्या पाठीवरचा घसरलेला फराटा. मी ते लांब धरून बघितलं आणि म्हटलं, कोणाला ओळखू येणार नाही.

तुझी भावजय हसायची थांबली होती. म्हणाली, "आणि हे त्यांनीच रंगवलंय असं समजून त्या दर आठवड्याला बघत बसतील. ते बघत तुम्ही शेजारी बसू शकाल?"

मी पान खाली ठेवलं. तिने रंगाचा भुसा झाडून टेबल पुसलं.

त्या आठवड्यात मी वाचनालयात सगळ्यांच्या आधी पोचलो, दोन्ही पुस्तकं घेऊन. बाई आल्या. गाल अजून सुजलेला होता. मी एक छोटंसं भाषण तयार केलं होतं, घरी लिहून, तपासून. ते इतकं बिनचूक होतं की तोंडातून बाहेरच पडेना. मी नुसती दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली. वर नक्कल होती. त्यांनी एक चष्मा काढला, पर्समधून दुसरा काढून लावला आणि बराच वेळ बघितलं.

"हे तुमचं काम," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कशावरून ओळखलंत?

"त्यांचा हात थरथरायचा. हा हात घाबरलेला आहे."

मग त्यांनी खालचं पुस्तक उघडलं. मी सांगायला लागलो, त्यांची जागा रिकामी होती इथपासून, पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी मानेवरच्या भोकावर बोट ठेवलं. मग कोपऱ्यात गेल्या आणि ती पन्हळ अक्षर अक्षर लावत वाचली, तपासले, चुका दुरुस्त केल्या. मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल अशी. ताई, मी आजवर हजारो कागदांवर ते लिहिलं असेल, कोणी मला ते वाचून दाखवलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी कोणाला सांगू नये, पण तुला सांगतो. त्यांच्या यजमानांना हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसायचे नाहीत. जन्मापासून. चष्म्याच्या दुकानात ही गोष्ट गिऱ्हाइकांना कळू न देता त्यांनी सगळं आयुष्य काढलं. फ्रेमचा रंग गिऱ्हाइकाने विचारला की बाई मागून बोलायच्या. इथेही पेन्सिली त्याच निवडून द्यायच्या. त्या शेवटच्या दिवशी कशावरून तरी दोघांचं वाजलं होतं, काहीतरी औषधाच्या वेळेवरून. यजमानांनी तपकिरी मागितली आणि बाईंनी हिरवी दिली. संध्याकाळी सांगायचं आणि हसायचं, असं मनाशी ठरवलं होतं. त्यांनी मात्र दुपारभर जीव ओतून ते बदक रंगवलं, आणि मधे मान वर करून विचारलं, बरं दिसतंय ना? त्या हो म्हणाल्या.

"लोकांना वाटतं मी त्यांची आठवण म्हणून बघते," बाई म्हणाल्या. "कितीदा वाटलं, त्याच्यावर तपकिरी फिरवावी. हात होत नव्हता."

इथे मला थोडं हायसं वाटलं, हे कबूल करतो. अगदी क्षणभर वाटलं की आपल्या हातून नकळत काहीतरी भलं झालं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण त्यांनी लगेच पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"बदकाचं मला काही नाही. पण हे तिसरं पिल्लू. ह्यात तुम्हाला काय चुकलेलं दिसलं?"

मी म्हटलं, ते अर्धवट होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "अर्धवटच होतं."

एवढंच. तो घसरलेला फराटा कुठे पुसला गेला होता ती जागाही आता सापडत नव्हती, इतकं काम चोख झालं होतं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत आणि केलं नाही असंही नाही. तेवढ्यात बसवाले आले, मागून बाकीचे. बाईंनी मूळ पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं, नक्कल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, ही तुमच्याकडेच ठेवा. मग हात पुढे केला. मला वाटलं, निरोप घेतायत. त्यांना खोडरबर हवं होतं. मी दिलं, ते त्यांनी स्वतःच्या पेटीत टाकलं आणि पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

आता मी तिथे बसतो. त्यांच्यापुढे एकच पुस्तक असतं, स्वतःचं. मी रबराशिवाय रंगवतो आणि फार वाईट रंगवतो, कारण हात चुकला की छातीत धस्स होतं आणि पुढचं अजूनच चुकतं. नियमामुळे कोणी काही बोलत नाही. परवा छापखान्यात शेवटच्या प्रतीच्या कोपऱ्यात नेहमीचे शब्द लिहिताना पेन अडलं. तिथे लिहावंच लागतं, तिथे गोळ्यांचा प्रश्न आहे. लिहिलं, पण सही साधी केली.

तर पोच द्यायला उशीर झाला तो यामुळे. पुस्तक छान आहे. कृपा करून परत असलं काही पाठवू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. (वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही हवं तर माझ्याकडून काहीतरी सांग, माझ्याइतकं वाईट तर तो वागला नसेल.)

तुझा,
धाकटा

ता. क. पेन्सिली परत पाठवत नाही. टोक करून करून त्या बोटाएवढ्या झाल्या आहेत, तुला उपयोगाच्या नाहीत. तुझी भावजय म्हणते की हे खरं कारण नाही. नाहीच आहे.

दुसरा ता. क. भाऊजींचा फोन आला होता. हे पत्र लिहायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी. तुझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय आणि माझ्या रक्तदाबामुळे मला कळू द्यायचं नाही असं तू बजावलंयस, हे त्यांनी सांगितलं. जिन्यात उभं राहून हळू आवाजात बोलत होते, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्याबद्दलच लिहायला बसलो होतो. पहिल्याच पानावर बदकाकडे घसरलो आणि मग तिथून निघवेना. आज या पत्रात इतक्या गोष्टींची लाज वाटते असं लिहिलं, त्यात ही सगळ्यात मोठी.

तिसरा आणि खरा. मला ये म्हण. नाही म्हणालीस तरी येणार आहे, रजा टाकली आहे, पण तू म्हटलंस तर गाडीत नीट बसवेल. बाहेर बाकावर फार वेळ थांबावं लागतं म्हणे, आणि भाऊजींना स्वस्थ बसता येत नाही. मी दोन पुस्तकं आणि नव्या पेन्सिली घेऊन येतोय. ते आधी नाही म्हणतील. मग रंगवतील. रेषेबाहेर गेले तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. तू बाहेर आलीस, डोळे नीट उघडलेस, की दोन्ही पानं तुझ्यापुढे धरू, आणि कोणाचं जास्त वाईट आहे ते तू सांगायचं. आमचा दोघांचाही तुझ्यावर विश्वास आहे.